नानांच्या माशांचं पथ्य

धरणगावचे नाना, माझे मामा, माशांना घालायचं खाद्य आधी स्वतः चाखतात. गालात घोळवतात, डोळे मिटतात, मग मान डोलावतात. गळ्यात तुळशीची माळ, उभ्या जन्मात मासळी खाल्लेली नाही, आणि शेततळ्यात रोहू-कटला! विचारलं तर म्हणतात, "मी मासा खात नही, मासास्ले खाऊ घालस."

ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, आणि कोंड्याच्या गोळ्यात ते वाटलेला लसूण, हळद आणि कडुलिंबाचा पाला घालतात. "दुखनं येवाना पहिलेच घर झाडी ल्यो," हा त्यांचा मंत्र. मामी असताना पाटा त्या चालवायच्या. आता नानाच वाटतात.

गेल्या भाद्रपदात शेजारच्या तळ्यातले मासे अंगावर लाल चट्टे येऊन तरंगायला लागले. नानांचा फोन आला, "भाचा, ये. मन्हा बी जेवत नहीत."

त्यांच्या नाशिकच्या मुलाने त्यांना आधीच बजावलं होतं, "नाना, यंदा मासे गेले तर तळं बुजवायचं आणि तुम्ही इकडे यायचं." म्हणून फोन येताच मी जळगावहून निघालो. माझं माशांचं ज्ञान ताटापुरतं. पण धीर द्यायला ज्ञान कशाला लागतं?

काठावर नानांनी दोरीने सोडलेली खाद्याची टोपली वर ओढली. भरलेली, तशीच.

"ताप आहे का त्यांना?" मी विचारलं. एरवी या प्रश्नावर शिव्या मिळाल्या असत्या. आज नानांनी जाळ्यात एक रोहू धरून उलटसुलट पाहिला. चट्टा नव्हता.

"मंग खात का नहीत? तू चाखी दख."

चाखलं. कानातून वाफा आल्या.

"नाना, हे खाद्य आहे की भरीत?"

"बाजूले मरी ऱ्हायनात ना रे! मी लसूण, हळद, पाला, बठ्ठं दुप्पट टाकं."

आणि चाखलं होतं त्यांनीही! पण जन्मभर खान्देशी भरतावर पोसलेल्या जिभेला तो लसणाचा जाळ कळणार कसा?

"तुन्ही जीभ पानचट शे," नाना म्हणाले. "आते तूच चाख."

आयुष्यात प्रथमच माझा पानचटपणा कामी आला. मी "अजून कमी" म्हणत गेलो, नाना कुरकुरत ढेप वाढवत गेले. टोपली पाण्यात सोडली. दोघेही श्वास धरून दोरीकडे बघत बसलो. पाणी ढिम्म.

मग दोरी हलली. पुन्हा हलली. पाण्यावर एक पाठ चमकली, मग तिच्यामागे दुसरी.

"उनात! बठ्ठा उनात!" सगळे मासे आले होते.

नाना काठावर बसले. फडक्यात बांधलेली भाकरी सोडली. ती वाळून पापड झालेली.

"ही कधीची?"

"ह्या मासा जेवत नव्हतात ना."

मामी गेल्यापासून नाना तळ्यावरच जेवतात, हे मला ठाऊक होतं. मी आपला समजत होतो, निंबाची सावली आहे म्हणून.

"एकलाले घास उतरत नही रे," पाण्याकडे बघत ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

एसटी स्टँडवर मी पोटभर खाल्लं होतं. तरी हात पुढे केला.