अण्णांचे वाफेचे रणगाडे

मी शाळेत इतिहास शिकवते आणि आमच्या शेजारचे अण्णा तो बदलतात. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या दोन घरांत एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे मी 'सत्तावनचा उठाव का फसला?' या प्रश्नाची उत्तरं तपासत बसते आणि पलीकडे अण्णा कात्रीने पत्रा कापत तोच उठाव यशस्वी करत असतात.

अण्णा पार्सल ऑफिसात कारकून. घरी आले की चहा घेऊन ओसरीत बसायचे आणि वाफेवर चालणारे चिलखती रणगाडे बनवायचे. वीतभर लांबीचे. पावडरच्या डब्याचा बॉयलर, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं, पेनच्या टोपणाचं धुराडं. पत्र्याला आतून खिळ्याने टोचे मारले की बाहेरून रिव्हेट ठोकल्यासारखे दिसतात, हा त्यांचा स्वतःचा शोध. धुराड्यात उदबत्तीचा तुकडा खोचला की गाडा धूर सोडत लढाईला तयार. सगळ्यांत काळ्या, गोलमटोल गाड्याचं नाव त्यांनी 'वांगं' ठेवलं होतं.

"माझ्या घरात डब्याला झाकण नाही आणि झाकणाला डबा नाही," त्यांची बायको, अक्का, मला सांगायची. "परवा कुंकवाची डबी गेली. म्हणे तोफखान्यात भरती झाली."

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण अण्णांना या गाड्यांचा इतिहासही हवा होता. इंग्रजांच्या राणीच्या राज्यात आपल्या शिपायांनी एक इंजिन पळवलं, त्याला चिलखत चढवलं, रूळ सोडून ते थेट रस्त्यावर आणलं. मग इंग्रजांनीही तसेच गाडे बांधले आणि खानदेशात वर्षानुवर्षं तुंबळ युद्ध चाललं, अशी त्यांची मांडणी होती. युद्ध खानदेशाबाहेर गेलंच नाही. "दिल्लीकडे तिथली माणसं आहेत ना बघायला," असं ते म्हणत. राणीचा सेनापती जामनेरच्या बाजारात, ऐन बाजाराच्या दिवशी शरण आला होता. झणझणीत भरीत खाल्ल्यावर त्याला तलवारच उचलेना.

"अण्णा," मी एकदा न राहवून म्हटलं, "सत्तावन साली भुसावळला रेल्वेच आलेली नव्हती."

अण्णांचा चेहरा पडला. मला उगाच वाईट वाटलं. दोन दिवस पलीकडून कात्रीचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, समजा, आली होती. समजायला काय जातं?"

हे 'समजा' त्यांच्या तोंडात सदा असायचं. त्याच्यापुढे पदवी, पाठ्यपुस्तक, काही चालत नसे.

त्यांचे इंग्रज शिपाई पार्सलवर लावायच्या लाल लाखेचे होते, आपले शिपाई काळ्या मातीचे. मे महिन्यात आमच्या गावच्या उन्हात लाखेचे इंग्रज कमरेतून वाकायचे. अण्णा ते मला मुद्दाम बोलावून दाखवत आणि म्हणत, "बघा, याला तरी पुरावा आहे की नाही?"

हे वेड त्यांना लागलं ते त्यांचे थोरले भाऊ आबा रिटायर झाले तेव्हापासून. आबा वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. आवाज असा की इंजिनाच्या फुसफुसाटातही फायरमनला ऐकू जावा. शेडमधली वाफेची इंजिनं एकेक करून मोडीत निघाली, त्याच सुमारास आबा रिटायर झाले आणि पाठोपाठ त्यांची बायको गेली. मग ते धुळ्याला मुलाकडे राहायला गेले आणि तिथे बोलायचेच थांबले. डॉक्टरांनी तपासलं, घसा ठीक होता, कान ठीक होते. विचारलं तर मान हलवायची, वाढलं तर जेवायचं, आणि बाकी वेळ खिडकीशी बसून राहायचं.

हे सगळं अण्णांनी मला धुळ्याच्या एसटीत सांगितलं. मी त्या एसटीत का होते? तर आबांसमोर मांडायच्या लढाईत राणीच्या बाजूने लढायला. "तुम्हाला इंग्रजांची बाजू पाठ आहे," असं म्हणून त्यांनी मला सेनापती नेमलं होतं. अक्काने हात जोडले, माझ्या यजमानांनी रविवारी मुलं सांभाळायचं कबूल केलं, आणि मी मांडीवर लाखेच्या शिपायांचा डबा घेऊन निघाले. गाडे भरलेली पत्र्याची ट्रंक अण्णांनी कोणालाच धरू दिली नाही.

"त्याने एकदा तोंड उघडावं," एरंडोल गेल्यावर ते म्हणाले. "मला दुसरं काही नको. शिवी दिली तरी चालेल."

धुळ्याला आबांच्या सुनेने हॉलमधली सतरंजी मोकळी करून दिली. आबा खिडकीपाशी खुर्चीत. अण्णा त्यांच्या पाया पडले, घरच्या अहिराणीत "आबा, खेळस का?" म्हणाले. आबांनी मान नाही अशी हलवली आणि बाहेर बघत राहिले.

आम्ही लढाई मांडली. नियम साधा होता. प्रत्येक गाड्याच्या टपात बाटलीचं बूच वाटीसारखं उलटं बसवलेलं. फासा टाकून गाडा पुढे न्यायचा, पण त्याआधी कानाच्या औषधाच्या नळीने त्या बुचात पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब न सोडता गाडा हलला तर बॉयलर फुटला. गाडा उलटा करून बाजूला ठेवायचा.

मी थेंब सोडून माझा गाडा हलवला. अण्णांनी फासा टाकला आणि सरळ गाडा पुढे ढकलला.

"अण्णा, पाणी!"

"अरेरे," म्हणत त्यांनी गाडा उलटा केला.

पुढच्या डावात तेच. त्याच्या पुढच्याही डावात तेच. माझ्या अंगात भलतंच वारं शिरलं. मी पदर खोचून गुडघ्यावर बसले आणि अण्णांचा डावा मोर्चा कापून काढला. जामनेर मी जवळजवळ परत घेतलं होतं. इतकी वर्षं मी उगाच शाळेत वाया गेले, असं मला मनापासून वाटायला लागलं. अण्णांच्या बाजूला उलट्या गाड्यांची रांग लागली. महिना महिना खपून बनवलेले ते गाडे, चाकं वर करून पडलेले.

मग अण्णांनी 'वांगं' उचललं. पाण्याची नळी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, वर डोकावत होती, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. मी सेनापतीपणातून खाडकन बाहेर आले. हा माणूस विसरत नव्हता. खुर्चीतल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर तो एकेक बॉयलर मुद्दाम कोरडा चालवत होता.

'वांगं' सतरंजीला टेकलं. अण्णांनी ते पुढे सरकवायला बोट लावलं.

"गधडा!"

आवाज एवढा मोठा की सून आतून पोळी हातात घेऊनच धावत आली. आबा उभे होते.

"पानी टाक ना त्यामा! कोरडा बॉयलर चालाडस का रे कोनी? अक्कल शे का तुले? बठ्ठा गाडा फोडी टाकात! सरक! आण आठे!"

अण्णा सरकले. आबा सतरंजीवर बसले, नळी ओढून घेतली आणि 'वांग्या'च्या बुचात थेंब सोडला. दुसरा सोडला. डोळा बारीक करून बुचात वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टाका फासा, बाई."

त्यानंतर त्यांनी माझी जी दाणादाण उडवली ती मी इथे लिहिणार नाही. पण तोंड बंद नव्हतं त्यांचं. धुराडं बुटकं आहे, चाक वाकडं आहे, फायरमन कुठे बसतो ते तरी दाखव, असं सगळं अण्णांना ऐकवणं चालू होतं. सून दाराच्या चौकटीला टेकून डोळे पुसत हसत होती. निघताना आबांनी ट्रंक ठेवून घेतली. दुरुस्त्या फार आहेत म्हणाले.

परतीच्या एसटीत अण्णा रिकामे हात मांडीवर घेऊन बसलेले. पारोळं आलं तेव्हा माझ्याकडे वळले.

"काय म्हणाला हो तो? पहिल्यांदा?"

"तुम्ही होतात की तिथे."

"होतो. पण सांगा ना."

गाडी खच्चून भरलेली. पुढच्या सीटवर माझ्या शाळेतल्या एका मुलीचे वडील बसलेले.

"गधडा म्हणाले," मी हळूच सांगितलं.

"जरा मोठ्याने. एसटीचा आवाज फार आहे."

"गधडा म्हणाले, अण्णा!"

त्या मुलीचे वडील वळून बघायला लागले. अण्णांनी डोळे मिटून मान मागे टेकली.

"लहानपणी हेच म्हणायचा मला," ते म्हणाले. "आणि त्यानंतर? अकलेचं काय म्हणाला?"

मी घसा खाकरला आणि सांगायला लागले.