साळिंदराचा मंजूर नमुना

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका मुलांनो, जंगलाचं नाव वापरायचं लायसन्स मला मिळालेलं नाही) भालेराव नावाचे एक साळिंदर राहत होते. त्यांच्या अंगावर हातभर लांब काटे होते. त्यांना पाहिलं की बिबट्या वाट बदलायचा. याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांची बायको सायाळबाई तेवढ्यावर खूश होती.

त्याच जंगलात एक सुगरण पक्षीण होती. पूर्वेच्या बेटांवरून हिवाळ्यात येणाऱ्या एका पाहुण्या पक्ष्यानं तिला एक कला शिकवली होती. पळसाच्या पानांवर चित्रं काढायची आणि पानं भराभर उलटायची. चित्र पळायला लागतं. नायक म्हणून तिनं भालेरावांना घेतलं. फक्त त्यांचे डोळे बेलफळाएवढे काढले, कारण खऱ्या डोळ्यांत रडायला जागा पुरत नव्हती.

रोज सकाळी वडाखाली खेळ व्हायचा. रोज चित्रातले भालेराव बिबट्याला लोळवायचे. सगळं जंगल टाळ्या वाजवायचं. बिबट्याही वाजवायचा. त्यानं एकही भाग चुकवला नाही.

मग तिथे उदमांजर आलं. उदमांजराच्या अंगाला जन्मापासूनच अत्तराचा वास असतो, त्यामुळे ते काहीही बोललं तरी ऐकावंसं वाटतं.

“भालेराव, तुमच्या बाहुल्या करू. खेकड्यानं नदीकाठी गेम झोन काढलाय. तिथं बक्षीस म्हणून ठेवू.”

“विकायच्या?”

“छे! विकत काय कोणीही घेतं. बक्षीस जिंकावं लागतं.”

“मग मी काय करायचं?”

“काहीच नाही. तुम्ही भालेराव असण्याचे हक्क तेवढे कंपनीला द्यायचे.”

करार सागाच्या पानावर होता. अक्षरांच्या जागी मुंग्या उभ्या केल्या होत्या. भालेरावांनी पंजा उठवला. थोड्या वेळानं ऊन वाढलं, काही मुंग्या सावलीत सरकल्या आणि काही अटी बदलल्या. त्याला कोणाचाच इलाज नव्हता.

बाहुली सावरीच्या कापसाची झाली. डोळे बेलफळाएवढे. काटेही कापसाचेच.

“काटे मऊ आहेत,” भालेराव म्हणाले.

“पिल्लांना टोचलं तर? नमुना मंजूर झालाय,” उदमांजर म्हणालं.

आता खेकड्याचा गेम झोन कसा होता ते ऐका. नदीच्या कातळात पाण्यानं कोरलेला एक रांजणखळगा होता. तोंड अरुंद, पोट मोठं, कडा गुळगुळीत. त्याच्या तळाशी बाहुल्या भरल्या होत्या. खेकड्यानं आपली कात टाकताना गळलेली जुनी नांगी गुळवेलीला बांधून आत सोडली होती. रानातलं एक टेंभूर्ण फळ द्यायचं आणि वेल ओढायची. नांगी बाहुली धरायची, पण मनापासून धरायची नाही. बाहुली काठापर्यंत यायची आणि परत पडायची. “थोडक्यात हुकलं!” असं खेकडा प्रत्येकाला म्हणायचा.

पहिल्या दिवशी त्यानं एका माकडाच्या पिल्लाला मुद्दाम जिंकू दिलं. पिल्लानं बाहुली दिवसभर छातीशी धरली. दुसऱ्या दिवशी वाटेत त्याला खरे भालेराव दिसले. पिल्लानं धावत जाऊन त्यांना मिठी मारली.

त्याच्या किंकाळ्यांनी जंगल गोळा झालं.

“हे साळिंदर नकली आहे!” पिल्लाची आई ओरडली.

उदमांजरानं बाहुली आणि भालेराव शेजारी शेजारी उभे केले. करार वाचला. जे मंजूर नमुन्याशी जुळत नाही ते नकली समजावं आणि जंगलाबाहेर काढावं, अशी अट आता तिथे होती.

“डोळ्यांचं राहू द्या,” उदमांजर समजुतीनं म्हणालं. “ते तुम्ही मोठे करून बघत जा. काटे मात्र काढावे लागतील.”

“अहो, काटे म्हणजे काय नखं आहेत का?” सायाळबाई म्हणाली. “दुसऱ्या जंगलात जाऊ आपण. पण हे नका करू.”

“अगं, दुसऱ्या जंगलात मला ओळखतं कोण?” भालेराव म्हणाले.

मुलांनो, इथे मला सायाळबाईचं फार वाईट वाटतं. पण आपल्याला गोष्टीत मध्ये पडता येत नाही.

माकडांनी काटे उपटले. भालेराव अगदी नमुन्यासारखे दिसू लागले. पिल्लं अंगाखांद्यावर खेळली. भालेराव डोळे ताणून बघत होते, म्हणून डोळ्यांतून पाणी येत होतं. तेही सगळ्यांना आवडलं.

दुसऱ्या दिवशी नदीवर बिबट्या भेटला. या वेळी त्यानं वाट बदलली नाही.

“किती गोड!” तो म्हणाला आणि त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

भालेराव पळत सुटले. समोर रांजणखळगा होता. त्यांनी आत उडी टाकली आणि बाहुल्यांमध्ये गप्प बसून राहिले. बिबट्यानं डोकं घालून पाहिलं. खांदे मावेनात. शेवटी तो टेंभूर्ण घेऊन आला आणि रांगेत उभा राहिला.

नांगीनं भालेरावांना तीनदा उचललं आणि तीनदा काठाशी आणून सोडलं.

“थोडक्यात हुकलं!” खेकडा म्हणाला. मुलांनो, जंगलात एवढी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

बातमी कळताच सायाळबाई आली.

“त्यांना वर काढा. माझा नवरा आहे तो!”

“असेल हो,” खेकडा म्हणाला. “पण नमुन्याशी जुळतोय ना. कंपनीचं बक्षीस आहे, असं देता येत नाही. जिंकावं लागेल.”

तेव्हापासून ती रोज टेंभूर्ण घेऊन येते. तिच्यामागे बिबट्या असतो. तिच्या काट्यांमुळे तो बरंच अंतर राखून उभा राहतो.

एकदा सायाळबाई जिंकली. नांगीनं धरलं आणि चक्क काठाबाहेर आणून ठेवलं. डोळे बेलफळाएवढे होते. पोटात सावरीचा कापूस होता. उदमांजरानं स्वतः येऊन अभिनंदन केलं आणि माल अस्सल असल्याची खात्री दिली. ती बाहुली तिनं घरी नेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रांगेत होती.

“वहिनी, तुम्हाला काल मिळाला ना?” बिबट्यानं आदबीनं विचारलं.

“तो नव्हे हो.”

“खरंय,” बिबट्या म्हणाला. “मलाही तोच हवाय.”

आणि दोघंही आपली पाळी यायची वाट बघत उभे राहिले.

तात्पर्य : अंगावरचे काटे वेळीच काढून टाकावेत. मग आपल्याला जवळ घ्यायला जग रांग लावतं. रांगेत कोण कशासाठी उभं आहे, ते विचारू नये.