एका हेलपाट्यात

एखादा माणूस साखर आणायला उठला आणि परत चहापत्ती आणायला उठला, की विलासरावांचं डोकं फिरतं. कपाळाची शीर टरारून फुगते. "दुसरा हेलपाटा? आरं, पायात काय मोटार बशिवली का?" घर दुसऱ्याचं असलं तरी हा आवाज खाली येत नाही.

घोडेगावच्या बाजारपेठेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, नळ, मोटारीचे सुटे भाग. विलासराव महाळुंगे पडवळचे. शेती भाऊ बघतो आणि हे घरी बसून बंगळूरच्या एका कंपनीचं काम करतात. बोलून निरोप पाठवायचं ॲप आहे त्या कंपनीचं. लिहायचा कंटाळा असलेला माणूस बोलतो आणि पाठवतो, म्हणजे आपल्याकडे सगळेच. ते कोट्यवधी निरोप सांभाळायचं काम विलासरावांकडे आहे. बायको, म्हणजे आमच्या सिंधूवहिनी, वारल्यापासून माणूस एकटा आहे, त्यामुळे ओरडायला सगळं जग मोकळं आहे.

मागच्या लग्नसराईत निरगुडसरला आम्ही एका पंगतीत बसलो होतो. वाढपी आधी भात घेऊन आला, मग वरण, मग बुंदी. विलासराव ताटावरून उठले. "भात वाढला तवा वरण कुठं व्हतं? झोपलं व्हतं?" त्यांनी वाढप्याच्या दोन्ही हातांत बादल्या दिल्या आणि बगलेत पापडांची परात कोंबली. पहिल्याच फेरीत वरण बुंदीत गेलं. नवरदेवाच्या मामाशी जुंपली ती उष्टी ताटं उचलेपर्यंत. मी मान खाली घालून गोड वरण गिळलं, कारण या माणसाला गाडीवर बसवून मीच आणलं होतं.

आणि हाच माणूस रोज संध्याकाळी दुकानात येतो आणि नळाचं एक वायसर मागतो. एकच. मी एकदा म्हणालो, "डझनभर न्या की. रोजचा हेलपाटा कशाला?" तर काउंटरवर मूठ आपटली. "शेठ, धंदा करता का चौकशी?"

वायसर खिशात टाकलं की रंगाच्या डब्यावर बसायचं आणि तासभर माझ्या दुकानाचे वाभाडे काढायचे. गिऱ्हाइकांसमोर! मलाही राग येतो हो. तीन पिढ्यांचं दुकान आहे.

"सगळा माल गल्ल्यापाशी कोंबलाय. ही जागा म्हंजी मेमरी. हाताशी, झटपट, पन लई महाग. मागं गोडाऊन रिकामं. ती तुमची डिस्क. स्वस्त, ऐसपैस."

"पण आत जाऊन शोधत कोण बसणार?"

"शोधायचं नसतंच! हितं माल नाय ठिवायचा, नुसता पत्ता ठिवायचा. कोन्ती वस्तू कोन्त्या खनात. गिऱ्हाइकानं नाव घेतलं, का सरळ त्या खनापाशी. एक नाव, एक खन, एक हेलपाटा. कोटी गिऱ्हाइकं आली तरी ह्येच."

हेच त्यांचं कंपनीशी भांडण चाललं होतं. निरोप मेमरीत मावेनात, म्हणून वरच्यांनी ठरवलं की जे जुने निरोप बरेच दिवस कोणी ऐकलेच नाहीत ते पुसून टाकायचे. विलासराव म्हणत होते, पुसू नका, डिस्कवर ठेवा. वरचे म्हणत होते, डिस्क मंद असते, लोक ताटकळतील. मी आपलं सुचवलं, तुमचे असतील ते उतरवून घ्या आणि मोकळे व्हा. तर माझ्यावरच उसळले. "मी माझं घेईन वो! पन ज्या म्हातारीला फोन नातू लावून देतो, तिनं कुठनं उतरवायचं? जागा नाय म्हनून घरातलं मानूस बाहेर काढता का?"

निकालाच्या मीटिंगला नेमकी महाळुंग्यात वीज गेली. माझ्याकडे इन्व्हर्टर. विलासराव लॅपटॉप घेऊन रंगाच्या डब्यावर बसले. पडद्यावर एक तरुण साहेब होता. रागावले की विलासरावांचं इंग्रजी संपतं, त्यामुळे साहेबाच्या शेजारी एक मराठी मुलगी भाषांतराला बसवलेली. तिची मला दया आली.

साहेबाने विचारलं, इतके जुने निरोप ऐकतं कोण?

"आज नाय ऐकला म्हनून मानूस उद्या ऐकनार नाय, ह्ये तुला कोनी सांगितलं?" विलासराव गरजले. "आन मंद म्हनतो का? दुसऱ्या कोनाचं ऐकायचं नाय, म्हनून माझाच काढतो. डिस्कवर ठिवलाय. बघ!"

त्यांनी स्वतःचा नंबर आणि एक तारीख घातली. बोट बटणावर नेलं आणि तिथेच थांबलं. मग दाबलं. दाबताक्षणी दुकानात आवाज आला.

"अवो, येताना नळाचं वायसर आना. आठवनीनं आना, न्हायतर परत हेलपाटा व्हईल तुमाला."

सिंधूवहिनी. माझ्या दुकानात कितीदा ऐकलेला आवाज. हेलपाटा हा शब्दही त्यांचाच होता तर.

भाषांतर कोणी मागितलं नाही. साहेब म्हणाला की पुसणार नाही, तुमचंच बसवा. विलासरावांनी लॅपटॉप मिटला.

"ती गेल्यापास्नं ऐकला नव्हता," ते म्हणाले. "धीर व्हत नव्हता." आणि लगेच डाफरले, "बघता काय, शेठ? वायसर द्या."

आता हे ऐकून झालं, उद्या हा माणूस येईल का, याची मला एकदम भीती वाटली.

"संपलेत," मी म्हणालो. "उद्या या."

वायसरचा डबा आम्हा दोघांच्या मधे उघडा होता, काठोकाठ भरलेला. विलासरावांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी बोलणी खायच्या तयारीत उभा राहिलो.

"बरं," ते म्हणाले. "उद्या मारतो हेलपाटा."