कायम झालेलं तेल

आमच्या नगरपरिषदेच्या पिकअपमधलं गिअरचं तेल तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये सेवेत कायम झालं. आदेश मीच टाइप केला. मी आस्थापना विभागात लिपिक आहे आणि माणसांना कायम न करण्याचं काम सव्वीस वर्षं नेमाने करत आलो आहे. त्यामुळे ‘कायम’ हा शब्द आदेशात नेमका कुठे लिहायचा असतो तेच मला आठवेना. जुनी फाइल काढून बघावं लागलं.

पिकअप पाणीपुरवठा विभागाची. एका कंपनीने त्याच्याही अकरा वर्षं आधी ती आम्हाला भेट दिली होती. बाकी सगळ्या गाड्यांना क्लच आणि गिअरचा दांडा, ही एकटी ऑटोमॅटिक. तिचे गिअर आपोआप बदलतात ते आतल्या लाल तेलाच्या जोरावर. ते कमी पडलं, जळलं किंवा भलतंच भरलं तर गिअरबॉक्स कामातून जातो. हे गावात एकाच माणसाला कळत होतं, ते म्हणजे दस्तगीर मुल्ला, आमचा मेकॅनिक. आमचा म्हणजे एकोणतीस दिवसांचा.

हे जरा समजावून सांगतो. सलग दोनशे चाळीस दिवस काम केलं की माणूस कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. त्याने तो सांगू नये म्हणून त्याला एकोणतीस दिवसांचा आदेश द्यायचा, तिसाव्या दिवशी घरी बसवायचं आणि एकतिसाव्या दिवशी नवा आदेश द्यायचा. याला खंड म्हणतात. दस्तगीरला असे खंड मी एकोणीस वर्षं दिले. दर वेळी आदेश घेताना तो एकच विचारायचा, “भाऊसाहेब, औंदा हुईल का कायम? घरात एकदा सांगायचंय, पुढल्या महिन्यातबी मी हितंच हाय म्हणून.” मी “बघू” म्हणायचो. बघणारा मीच होतो, आणि मी बघत नव्हतो.

तेलाला मात्र कुणी खंड दिला नाही. दस्तगीर रोज सकाळी पिकअप सपाट जागेवर लावायचा, इंजिन गरम होऊ द्यायचा आणि चालू इंजिनावरच डिपस्टिक काढून तेल किती आहे ते बघायचा. मग एक थेंब नोंदवहीच्या पांढऱ्या पानावर टेकवायचा आणि शेजारी सही करायचा. पहिल्या वर्षाचे थेंब डाळिंबाच्या रसासारखे लाल आहेत. सहाव्या वर्षी ते तपकिरी झाले. तेव्हा त्याने तेल बदलायची मागणी केली. भांडारपालाने सर्वात कमी दराच्या निविदेतलं स्टिअरिंगचं तेल आणून दिलं.

“लालच आहे की हे,” भांडारपाल म्हणाला.

“लाल तर सरबतबी असतंय, साहेब. ते भरू का?” दस्तगीर म्हणाला. “गाडीच्या पुस्तकात जो नंबर लिवलाय त्योच डब्यावर पायजे. दुसरं घातलं तर आतल्या प्लेटा घसरत्यात.”

डबा परत गेला. पुन्हा निविदा, पुन्हा भलताच डबा, पुन्हा परत. अशी पाच वर्षं गेली आणि जुनं तेल आतच राहिलं. दस्तगीर हाती येईल ते ओतून मोकळा झाला असता तर तेलाच्या सेवेत खंड पडला असता. पण तो पडला प्रामाणिक.

मग वरून परिपत्रक आलं. ज्यांची सलग सेवा नोंदींवरून सिद्ध होते त्यांचे प्रस्ताव पाठवा. आमच्या कार्यशाळेत एकच पद रिकामं होतं. मी सगळी हजेरीपत्रकं काढली. दस्तगीरची सलग सेवा एकोणतीस दिवसांच्या वर एकदाही जात नव्हती. ती जाऊ नये याची काळजी मीच घेतली होती. सलग नोंद एकाचीच निघाली. अकरा वर्षं, एकही दिवस गैरहजर नाही. मुख्याधिकारी देशमाने मॅडमनी नोंदवही चाळली आणि तेलाचं नाव प्रस्तावात घालायला सांगितलं.

दस्तगीरला कळलं तसा तो हात पुसत माझ्या टेबलाशी आला. “भाऊसाहेब, त्या वहीत खंडाच्या दिशीबी माझीच सही हाय. मला घरी बसवायचा तुम्ही, पर गाडी पळायचीच की. मग तेल कोण बघणार? म्या येत हुतो.”

मी बघितलं. होती. दर तिसाव्या दिवशी, थेंबाशेजारी, स्वच्छ अक्षरात ‘दस्तगीर मुल्ला’. म्हणजे तोही एक दिवस चुकला नव्हता. मला लाज वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या माणसाच्या बाजूने टिपणी लिहिली.

मॅडमनी सुनावणी घेतली. त्या हुशार बाई आहेत, कायद्याच्या पदवीधर. त्यांनी दस्तगीरला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, “तिसाव्या दिवशी तुम्ही सेवेत होता का?”

“आदेश नव्हता, मॅडम. पर मी आलो हुतो.”

“आदेश नव्हता म्हणजे तुम्ही हजर नव्हता. हजर नसलेला माणूस सही करू शकत नाही. पण सही तर झालेली आहे. त्या दिवशी नोंदीप्रमाणे हजर कोण होतं, भाऊसाहेब?”

“तेल,” मी म्हणालो.

“मग सही तेलाची,” मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला.

यात चूक काढायची मी खूप खटपट केली. सापडली नाही. खंडाचे आदेश माझेच होते आणि ते बिनचूक होते.

तेल कायम झालं तसं ते बदलण्याचा प्रश्न निकालात निघाला. कायम कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय काढता येत नाही. दस्तगीरने लिहून दिलं की तेल काळं पडलंय, जळका वास मारतंय, गिअर झटके देतोय. त्यावरून मी तेलाला कारणे दाखवा नोटीस काढली आणि बॉनेटवर चिकटवली. खुलासा आला नाही. गप्प राहणाऱ्या कर्मचाऱ्याला आमच्याकडे शांत स्वभावाचा म्हणतात, तसा शेरा मारून फाइल बंद झाली. ऑगस्टमध्ये पाण्याच्या टाकीच्या चढावर पिकअप उभी राहिली. इंजिन बोंबलत होतं आणि चाकं हलत नव्हती. गाडी ढकलत आणून कार्यालयामागे लावली. गाडीच नाही तर मेकॅनिक कशाला, म्हणून दस्तगीरला पुढचा आदेश निघाला नाही. तेल अजून आत आहे. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे त्याला अजून चव्वेचाळीस वर्षं आहेत.

आठवड्याने दस्तगीर पुन्हा आला. मिरजेकडे शिरगुप्पे नावाचे मोठे द्राक्ष बागायतदार आहेत, त्यांच्याकडे ऑटोमॅटिक पिकअप आहे. तिथे काम मिळण्यासारखं होतं, पण त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला होता.

दाखला नोंदीप्रमाणे द्यावा लागतो. नोंदीप्रमाणे दस्तगीरचा अनुभव एकोणतीस दिवस. पण नोंदीप्रमाणेच ‘दस्तगीर मुल्ला’ अशी सही करणाऱ्या तेलाची सेवा सलग अकरा वर्षं. मला वाटलं, आपण या माणसाची एकोणीस वर्षं खाल्ली, निदान अकरा तरी परत करावीत. मी दाखला टाइप केला. नाव दस्तगीर मुल्ला, हुद्दा तेल, सेवा अकरा वर्षं सलग, वर्तणूक चांगली.

“ह्यात हुद्दा तेल लिवलाय,” तो म्हणाला.

“असू दे. पुढचा शब्द बघ.”

त्याने पुढचा शब्द वाचला. “सलग,” तो म्हणाला. मग त्याने कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि मला हात जोडले. ते हात जोडणं मला अजून पचलेलं नाही.

शिरगुप्प्यांनी त्याला ठेवून घेतलं. मेकॅनिक त्यांच्याकडे दोन होते, तेलाचीच गरज होती.

गेल्या महिन्यात मिरजेला एका लग्नाला गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या बागेवर गेलो. शिरगुप्पे सज्जन माणूस. दस्तगीरला भेटायचंय म्हटल्यावर त्यांनी पिकअप सावलीत सपाटीला लावली, इंजिन गरम होऊ दिलं आणि बॉनेट उघडून दिलं. मी डिपस्टिक काढली आणि रुमालावर थेंब टेकवला. लाल, स्वच्छ, जळका वास नाही. आमच्याकडे असताना मी त्याला इतका टवटवीत कधी बघितला नव्हता.

“बरा आहेस ना, दस्तगीर?” मी विचारलं. इंजिन एका लयीत चालू होतं.

“झकास आहे,” शिरगुप्पे म्हणाले. “तीन वर्षांत एक झटका नाही. असं तेल मिळत नाही.”

“कायम केलंत का?”

“तेल कुठं कायम असतंय होय, भाऊसाहेब? चाळीस हजार किलोमीटरला बदलायचं असतंय. पहिल्याच दिवशी त्यानं स्वतः सांगितलं मला, त्यात हयगय करू नका म्हणून. आम्ही पाळतो.”

“आता किती झाले?”

ते वाकून काट्याकडे बघून आले. “एकोणचाळीस हजार सातशे. रविवारी एकदा सोलापूरला माल टाकून येतो, मग बदलू.”

त्याला खंड देऊ नका, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ते माझ्या तोंडी शोभलं नसतं. मी डिपस्टिक पुसून आत घातली आणि बॉनेट लावलं.