सहा फिल्मा आणि एक शेळी

"बसू, उन्हात काई वाळू घातलास तर तिथून उठायचं न्हाई बघ!" लहानपणी पापडांच्या राखणीला बसवताना अक्कानं दिलेली ही ताकीद बसवराजला आठवली खरी, पण तोवर उशीर झाला होता.

ते निजामाच्या राज्यातलं एकोणीसशे चव्वेचाळीस साल. हैदराबादच्या एका कॉलेजात तो स्फटिकांचे क्ष-किरण फोटो घ्यायचा. स्फटिक पंधरा अंश फिरला की एक फिल्म, पुढचे पंधरा फिरला की दुसरी. प्रत्येकीवर चांदण्या सांडाव्यात तसे काळे ठिपके. अशा सहा फिल्मा घेऊन तो सुटीत भालकीला घरी आला होता. ठिपक्यांचा काळेपणा जोखून सोमवारी प्रोफेसरांना आकडे दिले तरच नोकरी राहणार होती. कोणती फिल्म कितव्या फेरीची, त्याच्या चिठ्ठ्या त्यानं ज्वारीच्या खळीनं चिकटवल्या, फिल्मा अंगणात वाळत ठेवल्या आणि चहाला आत गेला.

परत येतो तर फिल्मा ओल्या, लख्ख. चिठ्ठी एकीवरही नाही.

"अक्का! चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

बसव्वाअक्कानं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, दावणीकडं बोट केलं. "शेळीनं चाटून खाल्ल्या न्हवं. खळीचा वास लागला असंल."

"मग ह्या ओल्या कामून?"

"तिची थुंकी लागल्ती. धुतले म्या."

शेळीचं दावं आखूड झालं, चारा बंद झाला. आरडाओरडा ऐकून शेजारचे काशप्पा आले. शेळीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सकाळपत्तूर दम धर. लेंड्यात निघतंय सगळं."

"काशप्पाअण्णा, अक्षर वाचता येईल का मग?"

"ते तू बघ. शिकलेला तू हाईस."

बसवराजनं डोकं धरलं. अक्कानं गुपचूप दोन फिल्मा एकीवर एक धरून उन्हाकडं केल्या.

"बसू, मठाच्या जत्रंला आमी रांगोळी कशी घालताव? गल्लीगल्लीला तुकडे वाटून. पर कडंची ठिपक्यांची वळ दोन्हीकडच्या बाया बी काढताव, मंजी सांधा गावतंय. हितं बी तसंच दिसायलंय. हे चार ठिपके दोन्हीत हाईत."

बसवराज ताडकन उठला. दर फेरीत मागचे दोन-तीन अंश पुन्हा घ्यायचे, हे त्यानंच केलं होतं आणि भीतीपोटी साफ विसरला होता! पहिल्या फिल्मचा कोपरा कॉलेजातच फाटला होता, म्हणून ती ओळखू आली. तिच्यामागं एकेक करत सहाही रांगेत बसल्या.

"ही चौथी मात्र वाया. फोटो घेताना वीज वाढली अन् सगळीच काळी झाली."

"वाया कामून? ह्या बाईचा हात दाट पडला, येवढंच. सांध्याचे ठिपके बघ की. शेजारणीपरीस दुप्पट काळे हाईत. मंग हिचं सगळंच निम्मं धर."

दिवस मावळेपर्यंत आकडे झाले. बसवराज अक्काच्या पाया पडला. डोळे भरून आले होते.

"अक्का, तुझ्यामुळं नोकरी वाचली. प्रोफेसरांना सांगतो, हे माझ्या बहिणीनं जुळवलं. ती शेळी तेवढी उद्या बाजारात विकून टाकतो."

अक्का दावणीकडं गेली, कडब्याची पेंडी सोडून शेळीपुढं टाकली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"बसू," ती पाठमोरीच म्हणाली, "खळीला मुंग्या लागल्त्या. चिठ्ठ्या म्याच खरवडून चुलीत घातले."