एकादशीस मिटणाऱ्या दिंडीचे वर्तमान

श्री. ज्याचे कृपेने मिरचीस झोंब आली आणि जिभेस ती कळावयाची अक्कल आली, त्या देवास नमन करोन लिहिणार लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते समयी डोंगरी मुलखात एक राज्य होते आणि त्यात प्रयोगशाळा नामे दुर्ग होता आणि दुर्गाची हुकमत डॉक्टर कृष्णाबाई सोनवलकर यांजकडे होती. बाई थोर विद्वान आणि मनाच्या मऊ, परंतु कामात खोट दिसली की देवाचीही भीड न धरणाऱ्या. त्यांचा शोध पेशींच्या दिंड्यांचा. पेशी म्हणजे देहातील इवले गाव, गावास तट, तटास दिंड्या म्हणजे लहान दरवाजे, आणि प्रत्येक दिंडी आपल्याच पाहुण्यास उघडते, गारव्याची गारव्यास, तिखटाची तिखटास. ती उघडली की मज्जातंतू मेंदूस वर्दी देतात आणि मग आपण हाय हाय करितो. बाईंनी तिखटाच्या दिंडीच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढविल्या आणि ऐशी तजवीज केली की दिंडी उघडताच पेशीत हिरवा उजेड पडावा. पेशींवर थेंब सोडावयाचे काम दुर्गाचे जुने सहायक रायाजी धुमाळ करीत, आणि त्यांचा हात बहुत स्थिर.

मग नवल जाहले. तिखट न घालता नुसते मीठपाणी सोडिले तरी हिरवा उजेड पडो लागला. पाहुणा नाही आणि दिंडी उघडी! बाईंस वाटले, ज्यांचे पाय विनाकारण जळतात त्या रोग्यांच्या दुःखाचे मूळ सापडले, आणि ही बातमी फुटताच ऐशा रोग्यांची पत्रे येऊ लागली की औषध कधी देता. दरबारची सनद पाडव्यापावेतो होती, तोवर मोठा शोध न लागल्यास दुर्गाच्या बहुतेक दालनांस कुलूप घालावे ऐसा हुकूम होता, म्हणोन दुर्गात आनंदीआनंद जाहला. परंतु अकरा महिन्यांची नोंदवही चाळिता दिसले की महिन्यातून दोनदा दिंडी मिटलेली, आणि ते दोन्ही दिवस एकादशीचे. दुर्गाच्या पाहणीस आलेले दरबारचे दिवाण नरसिंगराव हर्षे हे ऐकोन उठोन उभे राहिले.

"बाई, पेशीसुद्धा एकादशी पाळतात! पाडव्यास मीच डंका पिटवितो. सनद दहा वर्षांची झाली म्हणून समजा."

"दिवाणजी, पेशींना पंचांग कुणी दिलं?"

"ते सनद मिळाल्यावर शोधा."

पुढील एकादशीस बाई जेवणाचे वेळी रायाजींपाशी जाऊन बसल्या. रायाजी रोज भाकरीसंगे ठेचा खात, त्या दिवशी मात्र केळी आणि दूध घेत होते. बाईंनी ते नोंदवहीत टिपोन ठेविले. दुसरे दिवशी जेवणानंतर बाईंनी स्वहस्ते मीठपाणी सोडिले, उजेड नाही. मग रायाजींनी सोडिले आणि ताटली हिरवीगार जाहली. रायाजी हातमोजे उघड्या बोटांनी ओढोन बसवीत आणि त्याच हातमोज्यांनी थेंब सोडावयाच्या नळीस टोक लावीत.

"बाई, साबनानं तीनदा हात धुतो की ओ मी!"

"धुता हो. पण मग डोळ्याला बोट लागलं तर?"

रायाजींनी मान खाली घातली. "झोंबतं."

लिहिणार त्या जागी असता तर गप्प राहिला असता, लिहिणार गरीब प्राणी. बाईंनी मात्र रोग्यांची पत्रे पुन्हा वाचली, मग दरबारी जाऊन सारे सांगितले. दिवाण लाल जाहले, मग हळूच बोलिले, "चूक धुमाळांची ना? तसं लिहा, त्यांना घरी बसवा, दुर्ग मी वाचवितो." बाई बोलिल्या, "कामाची पाहणी माझी होती. अकरा महिने मला ठेचा दिसला नाही, ती चूक कुणाची?" इतके बोलोन त्या निघाल्या, आणि पाडव्यास दुर्गाच्या पाच दालनांपैकी चारांस कुलूप पडले.

मग बाईंनी मुलखोमुलखीच्या विद्वानांस कबुलीचे पत्र लिहिले आणि खाली एकटीचे नाव घातले. रायाजींनी ते नाव पाहिले.

"बाई, ह्यात माझं नाव न्हाई."

"तुम्हाला बोल लागू नये म्हणून, रायाजी."

"तीस वर्सं झाली, बाई. एवढं शोध लागलं, एकातबी माझं नाव न्हाई. मी मागितलंबी न्हाई. पर ही चूक तर माझी हाय. हिच्यात तरी घाला की."

बाईंस बहुत लाज वाटली. त्यांनी ते पत्र फाडिले आणि दुसरे लिहावयास बसल्या.

एवंच वर्तमान हे की, शोध बुडाला, चार दालने गेली, एका दालनात काम चालू आहे. पत्र परमुलखीच्या नियतकालिकात छापोन आले, त्यावरी पहिले नाव रायाजी धुमाळ, दुसरे बाईंचे. रायाजींनी एक प्रत आपल्या गावी धाडिली. मजकूर तेथे कोणास कळला नाही, नाव सर्वांस कळले.