तेरा खिडक्यांचा बंगला आणि भारतची सोयरीक

"या खेपेला काही म्हणजे काहीच चुकणार न्हाई!"

बद्रीनाथनं सकाळपासून ही घोषणा चौदा वेळा केली होती. आठ वाजता बायकोला ऐकवली, नऊ वाजता दूधवाल्याला आणि दहा वाजता दाढी करताना आरशातल्या स्वतःला. आरशानंही मान डोलावली. आता आरसा दुसरं काय करणार म्हणा!

वडीगोद्रीत हायवेला बद्रीनाथचं ठिबकच्या सामानाचं दुकान. मुलगा भारत तेहतीस वर्षांचा, कामसू, निर्व्यसनी आणि अजून बिनलग्नाचा. मागची चार स्थळं आली, पोहे खाल्ले, चहा प्याली आणि जी गेली ती गेली. हे पाचवं. हसनाबादच्या राधेश्यामची आकांक्षा. भारतनं आकांक्षाला पाहिलं होतं, आकांक्षानं भारतला पाहिलं होतं, आणि दोघांनी मोबाईलवर एकमेकांना इतकं पाहिलं होतं, की भारतचा चार्जर वितळला! राहिलं होतं ते फक्त घर. मुलीकडचे आज घर पाहायला येणार होते. घर पसंत पडलं तर सुपारी फुटणार, नाही पडलं तर पुन्हा पोहे भिजवा.

घराचं काम चोख होतं. भिंतींना पिस्ता रंग दिला होता, सोफ्याचं प्लास्टिक काढलं होतं (घर बांधल्यापासून पहिल्यांदा!) आणि दारात नवं पायपुसणं टाकलं होतं. घरात एकच गोष्ट अशी होती, जिला रंग देता येत नव्हता. ती गोष्ट म्हणजे बद्रीनाथचे वडील, आबा.

आबा माणूस लाखाचा. पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवलं. शहागडपासून राजूरपर्यंत जत्रेजत्रेला तंबू ठोकायचा आणि खेळ लावायचा. त्यातला एक सिनेमा त्यांच्या मानगुटीला कायमचा बसला, 'तेरा खिडक्यांचा बंगला'. काळा-पांढरा, भुताचा. टॉकीज मोडली तेव्हा मालकानं पगाराच्या बदल्यात त्याची रिळं दिली. आबांनी ती जालन्याच्या एका स्टुडिओत नेऊन पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि तेव्हापासून रोज दुपारी तीन ते पाच तोच सिनेमा! कानानं कमी ऐकू येत असल्यामुळं आवाज शंभरावर, घरातलं दुसरं कुणी त्या खोलीत टिकायचं नाही. बद्रीनाथनं हौसेनं त्रेचाळीस इंची टीव्ही आणला होता. "आबा, त्यात इतके रंग हायेत, समदे वाया चालले ना!" असं तो कळवळून म्हणायचा. आबा म्हणायचे, "भुताला रंग नसतोय."

चौथ्या स्थळाच्या वेळी आबांनी पाहुण्यांना त्या सिनेमाची स्टोरी सांगितली. दोन तास! चादर पांघरून, आवाज काढून! मुलीच्या आईला पंख्याखाली झोपवावं लागलं. सोयरीक तिथंच आडवी झाली.

म्हणून या खेपेला बद्रीनाथनं अडीच वाजताच आबांना मागच्या खोलीत बसवलं, खायला गुळाची गुडीशेव हातात दिली आणि बाहेर येऊन हळूच कडी घातली.

"आवं, सोताच्या बापाला कोंडता?" त्याची बायको द्वारकाबाई म्हणाली.

"कोंडलं कुठं? सुरक्षित ठुलंय! आन टीव्हीचा आवाज म्या सकाळीच दहावर आणलाय."

आणला होता खरा. पण रिमोट आबांच्याच उशाला होता.

तीनला पाहुणे आले. राधेश्याम आणि त्यांची थोरली बहीण, आकांक्षाची आत्या. राधेश्याम साधा माणूस. आत्याबाई मात्र अशा, की पोह्यातला खडा आधी त्यांनाच सापडावा.

"घर हवाशीर हाय बरं का आमचं," बद्रीनाथनं सुरुवात केली. "आन शांत तर इतकं, की..."

"मला या घरात आणण्याआधी सांगायचं होतंत!" मागच्या खोलीतून एक बाई कडाडली. "इथे तुमची पहिली बायको आहे म्हणून!"

राधेश्यामांचा चमचा पोह्यांच्या वर थांबला. भारतचं तोंड भिंतीहून पिस्ता झालं.

"शेजारी," बद्रीनाथ हसून म्हणाला. "भांडत असतेत."

"शेजारी?" आत्याबाई म्हणाल्या. "तिकडं तर तुमचं वावर लागतंय."

"वावरात राहतेत."

"हळू बोल!" आतून एक भारदस्त पुरुषी आवाज आला. "बाहेर पाहुणे बसले आहेत. ओरडलीस तर गळा दाबीन!"

आता मात्र राधेश्यामांनी ताटली खाली ठेवली. द्वारकाबाई चहाचा ट्रे घेऊन आली ती तशीच उलट्या पावली स्वयंपाकघरात गेली.

"आक्का," राधेश्याम बहिणीला म्हणाले, "बाई कशी शुद्ध बोलून राह्यली बघ. पुण्याकडली दिसती."

"भारतराव!" आत्याबाई गरजल्या. "पुण्याला किती वर्सं व्हते तुम्ही?"

"म... म्या पुण्याला एकदाच गेल्तो, आत्या! ठिबकच्या ट्रेनिंगला! तीन दिवस!"

"तीन दिवसांत लग्न लावता येतंय!"

"अहो, तो टीव्ही..." भारतनं तोंड उघडलं, पण बद्रीनाथनं त्याच्या पायावर पाय दिला. टीव्ही म्हटलं की टीव्ही कोण पाहतंय हा प्रश्न येणार. मग आबा येणार. आणि बाहेरून कडी का, हे कुठल्या तोंडानं सांगणार? तेव्हा बद्रीनाथच्या डोक्यानं त्यातल्या त्यात बरा मार्ग निवडला.

"भाडेकरू हाय," तो म्हणाला. "पुण्याची बाई. जरा डोक्यानं..."

"तेरा खिडक्या आहेत या घराला," बाई हुंदके देऊ लागली, "आणि एकही उघडत नाही! कुणी आहे का? मला सोडवा हो!"

मंडळी, अशा हाकेला ओ न देणारी आत्या अजून हसनाबादेत जन्मायची आहे! आत्याबाई पदर खोचून उठल्या, तरातरा मागं गेल्या आणि दाराला बाहेरून घातलेली कडी पाहून त्यांनी मागं वळून बद्रीनाथकडं असं पाहिलं, की त्याला आपला पिस्ता रंग आवडेनासा झाला. पोलिसांना फोन लावू की आधी पायताण काढू, एवढाच विचार त्या डोळ्यांत होता.

त्यांनी कडी काढली.

आत अंधार. खिडकीला गोधडी लावलेली. समोर टीव्हीवर पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन जिना चढत होती, आणि खुर्चीवर बनियनमध्ये आबा. हातात गुडीशेव.

"कोण हाय त्ये?" आबा ओरडले. "दार लावा जल्दी! उजेड येऊन राह्यला!"

"बापाला कोंडून ठुलं!" आत्याबाईंचा आवाज चिरकला. "राधेश्याम, चल. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला कडी घालतेत, तिथं आपली पोर न्हाई द्यायची."

संपलं. भारत मटकन उंबऱ्यावरच बसला. बद्रीनाथला कधी नव्हे ते बोलायला खोटं सुचेना, आणि खरं बोलायची लाज वाटत होती. खरंच वाटत होती. वडिलांकडं पाहायचं धाडसही त्याला होईना.

आबा म्हणाले, "कोंडलं काय म्हंता बाई? चालू खेळात टॉकीजचं दार बाहेरूनच लावतेत. न्हाई तं फुकटे घुसतेत."

आता हे आबांनी मुलाला वाचवायला म्हटलं, की आत्याबाईंना फुकटे म्हटलं, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. पण आत्याबाईंना उत्तर सुचायच्या आत मागून राधेश्यामांचा घोगरा आवाज आला.

"आक्का, थांब. ह्यो तर तेरा खिडक्यांचा बंगला!"

राधेश्याम टीव्हीसमोर येऊन उभे राहिले. "राजूरच्या जत्रंत पाह्यल्ता म्या. सातवीत व्हतो. ही बाई शेवटाला तेरावी खिडकी उघडती... तिथंच म्या बोंबलत पळालो! तंबूच्या दोऱ्यात पाय अडकून दोन दात गेले. आक्का, चाळीस वर्सं झाले, खिडकीत काय व्हतं ते मला ठाऊक न्हाई!"

"मंग बसा की," आबा म्हणाले.

राधेश्याम बसले. आत्याबाई "पाच मिनिटं हां!" म्हणून बसल्या. बद्रीनाथ, भारत बसले. द्वारकाबाई चहा घेऊन आली आणि बशा हातात धरूनच बसली. टीव्हीत एकही रंग नव्हता, भूत म्हणजे उघडउघड टांगलेली साडी होती. पण सातवी खिडकी उघडली तेव्हा आत्याबाईंनी द्वारकाबाईचा दंड धरला, आणि दहाव्या खिडकीला दोघी एकाच चादरीत! बाई तेराव्या खिडकीजवळ आली. कडीला हात लावला. कर्रर्र...

आणि लाइट गेली.

"आरारारा!" राधेश्याम कपाळाला हात लावून ओरडले. "आबा, तुम्ही सांगा! काय हाय खिडकीत?"

"शेवट सांगायचा नसतोय, पाहायचा असतोय."

"मंग पुढच्या आयतवारी येतो!"

"पाव्हण्यायला शेवट दाखवत न्हाई म्या," आबा सावकाश म्हणाले. "फक्त घरच्यायला."

राधेश्यामांनी बहिणीकडं पाहिलं. आत्याबाईंनी चादर डोक्यावरून काढली, त्या खाकरल्या आणि म्हणाल्या, "घर तसं बराबर हाय."

"मंग घरचेच व्हऊ की!" राधेश्याम म्हणाले. आणि त्याच अंधाऱ्या खोलीत सुपारी फुटली! लग्नाची तारीख निघाली, आणि हळदीच्या दुपारी सगळ्या वऱ्हाडाला शेवट दाखवायचा असं ठरलं. राधेश्यामांनी आबांच्या पायावर डोकं ठेवलं. घराचा वरचा मजला पाहायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पाहुण्यांची गाडी वळली, तेव्हा बद्रीनाथ कृतार्थ होऊन सोफ्यावर पडला आणि त्यानं वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. फ्रिजही चालू होता.

तो तडक मागच्या खोलीत गेला. "आबा, लाइट तर हाय!"

"आसंल. म्या फक्त हितला बोर्ड बंद केल्ता."

"कशापायी? त्यायला शेवट पाह्यचा व्हता ना!"

आबांनी उरलेली गुडीशेव तोंडात टाकली.

"शेवटचं रीळ शहागडच्या पुरात गेलं, बद्री. पहिल्या खेळाच्या आधीच. म्या समदी हयात तिथंच जनरेटर बंद करत आलो. लोकं दुसऱ्या दिवशी दुप्पट यायचे."

बद्रीनाथला घाम फुटला. "आन हळदीला हो? समदं वऱ्हाड येणार! काय हाय त्या खिडकीत?"

"मला काय ठाऊक?" आबा म्हणाले. "म्या तरी कुठं पाह्यलाय!"